खेळाडूचे बळ आणि भाराची चढण
(क्रीडाशिक्षकांपुढील भाषणाचा मजकूर)



तालुक्याचे सामने महिन्यावर आले की शाळेच्या मैदानावर पहाटेपासून शिट्टी वाजू लागते. वर्षभर न धावलेली मुले एकदम रोज शंभर-शंभर बैठका काढतात आणि सामन्याच्या दिवशी संघातील चांगलाच गडी गुडघा धरून बाहेर बसतो. दोष त्याच्या नशिबाचा नसून आखणीचा असतो.

बळ वाढविण्याचा नेमका हिशेब एका लष्करी इस्पितळात मांडला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गुडघे जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांना थॉमस डीलॉर्म या डॉक्टरांनी हलक्या हालचालींऐवजी जड वजने उचलावयास लाविली. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. सलग दहा वेळाच उचलता येईल असे वजन प्रथम ठरवावयाचे. आरंभी एका वेळी सत्तर ते शंभर आवर्तने होत. ती फार झाली असे दिसताच १९४८ मध्ये डीलॉर्म व वॉटकिन्स यांनी दहा-दहांचे तीनच फेरे ठेविले. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. पूर्ण वजन २० किलो असेल तर १०, १५ आणि २०. ते सहज पेलू लागले की वजन वाढवावयाचे.

आपल्या तालमीला हे अगदीच अनोळखी नव्हते. बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशात ही देशी विद्या नोंदलेली आहे. जोर-बैठकांची संख्या वाढविली की दम वाढतो. बळ काही काळाने तेथेच थांबते. म्हणूनच आखाड्यात करेला होता, नाल होती. शाळांनी संख्या तेवढी उचलली आणि भार सोडून दिला.

उपकरणे नाहीत ही सबब टिकत नाही. जूनमध्ये शाळा उघडताच मुलांना रिकाम्या खांद्यांनी बैठक साधू द्यावी : टाचा जमिनीवर, पाठ ताठ, गुडघे आत न झुकलेले. मग वाळूची लहान गोणी धान्याच्या काट्यावर तोलून खांद्यावर द्यावी. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. मध्ये किमान एक दिवस मोकळा असावा. प्रत्येकाचे वजन व आवर्तने वहीत लिहावीत. ही वही हजेरीपटाइतकीच जपावी. सांधा दुखू लागल्यास गोणी खाली ठेवावी; दुखणे अंगावर काढणे म्हणजे मर्दुमकी नव्हे.

सामन्यापूर्वीच्या एक-दोन आठवड्यांत आवर्तने निम्म्यावर आणावीत, वजन व वेग मात्र तोच राखावा. त्या दिवसांत मुले मैदानावरून लवकर घरी गेलेली दिसली, तर तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ती ढिलाई समजू नये.