रबराचा तुकडा आणि गाडीभर कापूस
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणे चालले आहे. मी बोलणार आहे तो कापूस बाजारात नेणाऱ्या जुन्या पिकअपबद्दल.

मागच्या वेचणीत माझी गाडी भरल्या मालासह रस्त्यात बंद पडली. इंजिन खाली बसले, पंख्याने रेडिएटर फाडला, पाणी सगळे रस्त्यावर. महिनाभर गिअर टाकताना धाडधाड आवाज येत होता. मी म्हटले, हंगाम होऊ द्या, मग बघू. शेवटी कापूस गावच्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागला. अडलेल्याने कसला भाव सांगायचा?

दोष होता इंजिनाच्या फाउंडेशनचा. लोखंडी पट्ट्यांमध्ये चिकटवलेले हे रबर. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये इंजिनाच्या दोन बाजूंना एकेक आणि गिअरबॉक्सखाली एक असते. वजन तेच पेलते, हादरे तेच गिळते. उष्णतेने ते तडकते, गळत्या ऑइलने फुगून मऊ पडते.

परीक्षा घरीच होते. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. जाणत्या ड्रायव्हरला ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरात क्लच किंचितच सोडायला सांगा. तुम्ही बाजूने पाहा. गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. इंजिन थोडे हलणारच. पण एका बाजूने उचलून आपटत असेल, तर रबर गेले समजा.

बदलताना इंजिन थंड असू द्या, बॅटरीची वायर काढा. ऑइल चेंबरखाली जाड लाकडी फळी ठेवून जॅकने फक्त इंजिनाचा भार उचला. फळी नसेल तर चेंबर चेपेल. पंखा, होज पाइप, वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे पाहत राहा. एका वेळी एकच बाजू सोडा. नट आधी हाताने बसवा. भार रबरावर आल्यावर आवळा. एक गेले तरी सगळी बदला, नाहीतर जुन्या दबलेल्यांचा ताण नव्यावर येतो. ऑइलची गळती आधी थांबवा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हात बसलेला नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभे राहून.

पेरणीआधी आपण तिफण तपासतो. तसे पहिल्या वेचणीआधी बॉनेट उघडा. भावासाठी भांडायचे तर माल बाजारापर्यंत पोचला पाहिजे.