मानवजातीचें वकीलपत्र



एखाद्या राष्ट्राच्या वतीनें कोणीं बोलावें हें ठरविण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. निवडणूक होते, मंत्रिमंडळ बनतें, राजदूत परदेशीं जातो. परंतु साऱ्या मानवजातीच्या वतीनें कोणीं बोलावें? गेल्या तीसचाळीस वर्षांत या प्रश्नाला एक उत्तर पुढें आलें आहे. सरहद्दी ओलांडून काम करणाऱ्या संस्था, चळवळी, हक्क-रक्षक मंडळें या सर्वांचा मिळून एक 'जागतिक नागरी समाज' बनला असून सरकारांना जाब विचारण्याचा त्यास अधिकार आहे, असें तें उत्तर. जॉन कीन यांनीं २००३ सालीं या विषयावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नांवापुढेंच प्रश्नचिन्ह आहे. तें मला योग्य वाटतें. नांव नवें असलें तरी वाद जुना आहे, आणि म्हणून मी आज कांगोची हकीकत सांगणार आहें.

१८७६ सालीं बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानें ब्रुसेल्स येथें भूगोलवेत्ते, प्रवासी व परोपकारी गृहस्थ यांची एक परिषद भरविली. आफ्रिकेंतील गुलामांचा व्यापार बंद पाडावा, तेथें संस्कृतीचा प्रकाश न्यावा, असा हेतु जाहीर झाला व 'आंतरराष्ट्रीय आफ्रिकन संघ' स्थापन झाला. आजच्या भाषेंत त्यालाही नागरी समाजाची संस्था म्हणावें लागेल! या परोपकाराच्या पांघरुणाखालीं १८८५ सालीं कांगोचा अफाट मुलूख राजाच्या खासगी सत्तेखालीं आला. पुढें रबराला भाव चढला. गांवोगांवीं रबराचा आंकडा ठरवून देण्यांत आला. तो भरला नाहीं तर बायका ओलीस धरल्या जात, फटके बसत, गांवें जाळलीं जात, हात तोडले जात.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लेखक जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स यानें १८९० सालींच राजाला उघडें पत्र लिहून हे प्रकार चव्हाट्यावर आणले होते. पुढच्याच वर्षीं तो वारला आणि प्रकरण थंडावलें. तें पुन्हा पेटविलें तें लिव्हरपूलच्या एका जहाज-कंपनींतील कारकुनानें. त्याचें नांव एडमंड मोरेल. कांगोहून अँटवर्पला येणारीं जहाजें रबर आणि हस्तिदंत यांनीं भरलेलीं असत. परत जातांना मात्र त्यांत बंदुका आणि दारूगोळा, विक्रीचा माल जवळजवळ नाहींच. व्यापार असेल तर मोबदला कोठें आहे? केवळ हिशेबाच्या वहीवरून त्यानें सक्तीची मजुरी ताडली. १९०४ सालीं त्यानें 'कांगो सुधारणा मंडळ' स्थापिलें. त्याच वर्षीं ब्रिटिश कॉन्सल रॉजर केसमेंट याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अ‍ॅलिस हॅरिस या मिशनरी बाईंनीं घेतलेलीं छायाचित्रें जादूच्या कंदिलानें सभांतून दाखविलीं जाऊं लागलीं.

अखेर राजालाच चौकशी-समिति नेमावी लागली. तिच्यापुढें बोलिमाचा मुखिया लोंतुलू साक्षीस आला. त्यानें मेजावर ११० काटक्या मांडल्या. रबरापायीं मारल्या गेलेल्या त्याच्या एकेका माणसाची एकेक काटकी, आणि त्यांचे चार ढीग : सरदार, पुरुष, बायका, मुलें. समितीनें अहवालांत अत्याचार मान्य केले, पण या लोकांच्या जबान्या छापल्या नाहींत. त्या कित्येक दशकें दप्तरखान्यांत पडून राहिल्या.

१९०८ सालीं कांगो राजाच्या हातून बेल्जम सरकारच्या हातीं गेला. १९१३ सालीं कार्य संपलें म्हणून मंडळ विसर्जित झालें. कांगोच्या रहिवाशांना कोणीं विचारलें नव्हतें. स्वातंत्र्यासाठीं त्यांना १९६० सालाची वाट पाहावी लागली.

जागतिक नागरी समाज म्हणजे बलवानांचें सोंग असें म्हणणारे १८७६ कडे बोट दाखवितील. त्याची थोरवी गाणारे १९०४ कडे. दोघेही खरे बोलतात. पण मोरेललाही कोणीं निवडून दिलें नव्हतें. त्याचें बोलणें सरकारांना ऐकावें लागलें तें त्याच्याजवळ पुरावा होता म्हणून. तो साक्षीदार होता, वकील नव्हे. माझ्या मतें अशा संस्थांचा खरा अधिकार साक्षीदाराचाच आहे. कांगोचें पुढें काय व्हावें हें ठरविण्याची वेळ आली तेव्हां लोंतुलूला पुढें बोलवावयास हवें होतें. तेथें युरोपच्या सज्जनांनींच वकीलपत्र घेतलें, आणि ब्रुसेल्सहून चालणारें परराज्य पुरेसें मानलें.

आजची व्यवस्था पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंतील ७१ व्या कलमान्वयें बिनसरकारी संस्थांचा सल्ला घेतां येतो, व आजमितीस सहा हजारांहून अधिक संस्थांना सल्लागाराचा दर्जा आहे. त्या दर्जाची शिफारस करणारी समिति मात्र १९ सरकारांची! ज्यांना जाब विचारावयाचा त्यांच्याच हातीं दाराची किल्ली आहे. दुसरीकडे, बड्या संस्थांचीं मुख्य ठाणीं लंडन, जिनीव्हा, न्यूयॉर्क येथें. लोंतुलूच्या मुलखांतील एखाद्या शेतकऱ्याला जिनीव्हाच्या मानवी हक्क परिषदेंत स्वतःची कैफियत मांडावयाची असेल, तर आजही बहुधा त्याला प्रथम अशा एखाद्या मान्य संस्थेचें नांव लावून घ्यावें लागतें.