सर्वांत कमी कोटेशन



श्रोतेहो, सप्टेंबर आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आपल्या सगळ्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा लागतात. 30 तारखेच्या आत उरकायच्या असतात ना! पार्किंगवरून तासभर भांडण होतं, गळतीवरून अर्धा तास. मग निम्मी मंडळी उठून गेल्यावर सेक्रेटरी घाईघाईने वाचतात, ‘टाकी व चेंबर सफाई, तीन कोटेशनं आलीत, सर्वांत कमी असलेलं मंजूर.’ हात वर होतात. विषय संपला. मला आज त्या वर गेलेल्या हातांबद्दल बोलायचंय. घरची मंडळी माझ्या या तुणतुण्याला कंटाळलीत, आता तुम्ही ऐका.

डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मरण पावले. घाटकोपरकरांनो, गोवंडी तुम्हाला किती लांब? त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे सप्टेंबर 2021 मध्ये प्रत्येकीला 10 लाख रुपये द्यायचा आदेश सरकारला झाला. अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, कंत्राटदाराला आत टाका. टाका की! पण त्याला बोलावलं कोणी? त्याचा दर कोणी पाडला?

भाजी घेऊन झाल्यावर आपण मूठभर कोथिंबीर फुकट मागतो. भाजीवाली कुरकुरत देते. आपल्याला वाटतं, मिळवली. पण ती कोथिंबीर कोणी तरी पेरली, उपटली, पहाटेच्या गाडीने आणली. पैसे कोणी तरी मोजलेच, फक्त आपण नाही मोजले. कमी कोटेशनचं तसंच आहे. यंत्राची गाडी, वायू तपासायचं उपकरण, हवा सोडायचा ब्लोअर, कमरेचा पट्टा, वर दोरी धरून उभा राहणारा माणूस, या सगळ्याला पैसे पडतात. ते वगळले की दर उतरतो. ती आपली फुकटची कोथिंबीर. ती पिशवीत टाकताना आपण भाजीवालीच्या तोंडाकडे तरी बघतो. टाकीत उतरणाऱ्याचं तोंड सभेत कोणी पाहिलेलं नसतं.

आणि टाकीतला वायू साधासुधा नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास जातो. आत उतरलेल्याला वाटतं, आता बरं आहे. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन जण जातात ते यामुळे.

परत सांगतो, कारण इथेच लोक कान काढून घेतात. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा कंत्राटदारापाशी थांबत नाही. माणसाला असं जीवघेणं काम करायला लावणारा, मग ते दुसऱ्याच्या आडून का असेना, त्यात येतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. पण पोलिसांच्या भीतीने हात खाली घ्या, असं मी म्हणत नाही. तो हात आपला आहे, एवढं ओळखा.

‘आमच्या सोसायटीत जातपात नाही हो,’ असं आपण छातीठोकपणे सांगतो. मग टाकीत उतरायला दर वेळी त्याच वस्त्यांतली, त्याच समाजांतली माणसं कशी येतात? कंत्राटदाराने कधी एखादा जोशी, एखादा शहा आणला का? यावर खरं तर बरंच... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत, एक मिनिट उरलंय.

तर येत्या सभेत दोन गोष्टी विचारा. यंत्र कुठलं आणणार? माणूस आत उतरणार का? उतरणार असेल, तर हे कोटेशन बाजूला ठेवा आणि वॉर्ड ऑफिसला पत्र द्या. मुलुंडला टी वॉर्ड, घाटकोपरला एन, बोरिवलीला आर मध्य. खजिनदार म्हणतील, एवढे पैसे आणायचे कुठून? त्यांना विचारा, मागच्या वर्षी लॉबीत ग्रॅनाइट बसवलं, तेव्हा किती कोटेशनं मागवली होती, आणि त्यातलं सर्वांत कमी...

वेळ झाली म्हणतात.