प्रतिपिंड औषधे आणि आपला कर्करोग साहाय्य निधी
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



गतवर्षी साहाय्य निधीबाबत एक गंभीर तक्रार आली. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या दोन भगिनी शेजारच्या खाटांवर होत्या. एकीला ट्रास्टुझुमॅब या औषधासाठी निधी मिळाला, दुसरीला नाकारला गेला. पक्षपात झाला, असा तिच्या यजमानांचा समज झाला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; खतावणीपलीकडची ही गोष्ट आमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून समजावून घेतली, ती आपणांपुढे ठेवतो.

पेशीच्या आवरणावर ग्राही नावाची प्रथिने असतात. बाहेरचा संदेश आत पोहोचविणे हे त्यांचे काम. त्यांपैकी ‘हर-२’ हा ग्राही स्तनाच्या कर्करोगाच्या १०० पैकी साधारण १५ ते २० रुग्णांच्या गाठींत अतोनात वाढलेला आढळतो. अशा पेशींना वाढण्याचा हुकूम सतत मिळत राहतो.

ग्राहीची घडण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. शास्त्रज्ञ शुद्ध प्रथिनाचे स्फटिक तयार करतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा गणिताने ठरवितात. २००३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॅनियल लेही व सहकाऱ्यांनी, ट्रास्टुझुमॅबचा तुकडा चिकटलेल्या अवस्थेतील हर-२ चे असे चित्र प्रसिद्ध केले. या कुळातील इतर ग्राही, संदेशवाहक रेणू येऊन चिकटेपर्यंत, जोडीदाराला धरावयाचा हात दुमडून ठेवतात. हर-२ चा हात मात्र सदैव पुढे असतो. त्याला निरोपाची वाट पाहावी लागत नाही.

औषध या हातालाच धरत असेल, असे आम्हांस वाटले होते. तसे नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब ग्राहीच्या बुडाशी, आवरणालगत बसते. ग्राहीचा बाहेरचा भाग तुटून पडणे ते रोखते, शिवाय शरीराच्या संरक्षक पेशींना ती कर्कपेशी दाखवून देते. प्रत्यक्ष हात अडविणारे प्रतिपिंड निराळे, पर्टुझुमॅब. त्याचे चित्र २००४ मध्ये आले. जागा वेगवेगळ्या असल्याने दोन्ही एकत्र देता येतात. रोग शरीरात पसरलेल्या हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांच्या ‘क्लिओपात्रा’ चाचणीत, ट्रास्टुझुमॅब व डोसेटॅक्सेल यांच्या जोडीला पर्टुझुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान ४०.८ महिन्यांवरून ५६.५ महिन्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु ज्या गाठीत हा ग्राही वाढलेलाच नाही, तेथे या प्रतिपिंडाने धरावयाचे काय? त्या दुसऱ्या भगिनींचा अहवाल निगेटिव्ह होता. औषधाचा लाभ नाहीच, वर हृदयाला अपाय होण्याचा धोका. म्हणूनच हे औषध ज्यांना देतात, त्यांचीही इको तपासणी आधी व अधूनमधून करावी लागते.

आमची एक चूकही येथे नमूद करणे प्राप्त आहे. ‘२+’ असा संदिग्ध अहवाल आलेल्या एका रुग्णासाठी आम्ही घाईने निधी मंजूर केला. नंतर जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ चाचणी निगेटिव्ह आली. तोवर तीन मात्रा देऊन झाल्या होत्या. आता असा अहवाल आल्यास फिशचा खर्च निधी प्रथम उचलतो, औषधाचा विचार त्यानंतर. २०१४ पासून भारतात तयार झालेले बायोसिमिलर मिळू लागले आणि खर्च उतरला. तरी उपचार बहुधा वर्षभर, दर तीन आठवड्यांनी चालतो आणि तो भार पुष्कळ कुटुंबांना पेलत नाही.

राहता राहिले ते यजमान. त्यांना ‘निकषात बसत नाही’ एवढेच छापील पत्र आमच्या कार्यालयातून गेले होते. पत्नी अंथरुणाला खिळलेली असताना असे पत्र हाती पडले, तर कोणासही राग येईल. यापुढे नकाराच्या पत्रासोबत चाचणीच्या अहवालाची प्रत दिली जाईल, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या भेटीची वेळही त्या पत्रातच लिहिलेली असेल.