न जेवणारें मूल आणि रक्तांतील लोह
(नभोवाणीवरील भाषण)



दीड-दोन वर्षांचें मूल ताटापुढें बसलें कीं तोंड फिरवितें, वरणभाताचा घास थुंकून टाकतें आणि पेलाभर दूध मात्र गटागटा पिऊन खेळायला पळतें, ही तक्रार आपल्या शहरांतून घरोघरीं ऐकूं येते. वडील माणसें म्हणतात, 'हट्टी आहे, दुसरें काय!' शेजारीण म्हणते, 'दांत येत असतील.' आणि आई बिचारी मनांतल्या मनांत स्वतःलाच दोष देत असते. या तक्रारीच्या मुळाशीं पुष्कळदां एक निराळेंच कारण दडलेलें असतें. तें म्हणजे मुलाच्या शरीरांतील लोहाची उणीव. तिच्याविषयीं आज मी बोलणार आहें. मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेंत मुलें शिकविलेला एक साधा मास्तर आहें. परंतु माझ्या धाकट्या नातवाला या विकारानें गांठलें तेव्हां मीं जें वाचलें, डॉक्टरांना खोदून खोदून जें विचारलें आणि घरांत प्रत्यक्ष जें पाहिलें, तें आपल्यापुढें ठेवण्यास हरकत नसावी.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. न जेवणारें प्रत्येक मूल आजारी असतें असें मुळींच नाहीं. पहिल्या वर्षांत मुलाचें वजन जन्माच्या वेळेच्या तिप्पट होतें; तीन किलोंचें मूल वर्षाअखेर नऊ किलोंचें होतें. दुसऱ्या वर्षांत मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला कीं भूकही त्या मानानें उतरते. त्यांतच 'मी' आणि 'नको' हे दोन शब्द मुलाला नव्यानेंच सांपडलेले असतात, व ते कोठें तरी वापरून पाहण्याची त्याला घाई असते. ताट ही त्याला सर्वांत सोयीची जागा वाटते!

परंतु भूक कमी झाली तरी लोहाची गरज कमी होत नाहीं. मूल जन्मतांना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतें. ती साधारणतः सहा महिने पुरते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या मुलाची त्याआधींच सरते. आईच्या दुधांतील लोह अंगीं चांगलें लागतें हें खरें, पण तें असतें थोडें, आणि सहा महिन्यांनंतर तेवढ्यावर भागत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं जें मान ठरविलें, त्याप्रमाणें १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह अन्नांतून मिळावयास हवें. प्रौढ पुरुषाला १९ मिलिग्रॅम पुरतें. म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाच्या निम्म्याहून थोडेंसेंच कमी लोह आपल्याला या वीतभर पोटांत घालावयाचें आहे. लोखंडाचे चणे खाणें असें आपण म्हणतों. ते चणे येथें आईलाच खावे लागतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. शरीरांतील लोह उतरलें कीं भूक मरते. भूक मेली कीं मूल जेवत नाहीं. जेवलें नाहीं कीं लोह आणखी उतरतें. आपण ज्याला कारण समजतों तें पुष्कळदां कार्य असतें. मूल खात नाहीं म्हणून त्याचें रक्त कमी झालें, एवढेंच आपल्या लक्षांत येतें. रक्त कमी झालें म्हणून तें खात नाहीं, ही उलट बाजू कोणी पाहत नाहीं. अशा मुलावर रागावून कांहींच साधत नाहीं, कारण येथें तें हट्ट करीत नसून दुखणें भोगीत असतें.

हें ओळखावें कसें? खालची पापणी ओढून पाहिली तर आंत गुलाबी रंगाऐवजीं फिकेपणा दिसतो. तळहात पांढुरके वाटतात. मूल चिडचिडें होतें, लवकर थकतें, कडेवरून उतरावयास तयार नसतें. कांहीं मुलें रडतां रडतां श्वास कोंडून निळीं पडतात. त्यांच्यांतही पुष्कळदां लोहाची उणीव आढळते व ती भरून काढल्यावर हे झटके कमी होतात. पण सर्वांत बोलकें लक्षण म्हणजे माती, भिंतीचा चुना, खडू असलें अखाद्य खाण्याची ओढ. पाटीवरची पेन्सिल कुरतडणारीं मुलें मीं वर्गांत वर्षानुवर्षें पाहिलीं आहेत. त्यांना छड्या बसत, पण त्यांचें रक्त तपासण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. जुन्या रंगाचे पोपडे तर अधिकच वाईट; त्यांत शिसें असूं शकतें, आणि लोह कमी असलेलें शरीर शिसें अधिक शोषून घेतें.

मात्र डोळ्यांच्या परीक्षेवर विसंबूं नये. उणीव बरीच वाढल्यावरच फिकेपणा दिसूं लागतो. रक्ताची तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं दिलेल्या मानाप्रमाणें ६ ते २३ महिन्यांच्या मुलाचें हिमोग्लोबिन साडेदहा ग्रॅमच्या खालीं, आणि दोन ते पांच वर्षांच्या मुलाचें अकराच्या खालीं असल्यास तो रक्तक्षय समजावा. फेरिटिन नांवाची दुसरी तपासणी आहे. तिनें शरीराच्या कोठारांत लोह किती शिल्लक आहे याचा अंदाज येतो.

ही काळजी गरिबाच्या घरची, आपल्याकडे काय कमी आहे, असें कांहीं श्रोत्यांना वाटेल. त्यांनीं पुढील गोष्ट ऐकावी. २०१६ ते २०१८ या काळांत केंद्र सरकारनें मुलांच्या पोषणाची एक देशव्यापी पाहणी केली. १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ३२ मुलांत लोहाची उणीव आढळली. आणि आश्चर्य असें कीं, ती खेड्यांपेक्षां शहरांत आणि गरीब घरांपेक्षां सुखवस्तु घरांत अधिक होती. याचीं कारणें जाणते लोक सांगोत. माझ्या अल्प मतीप्रमाणें एक कारण आपल्या स्वयंपाकघरांतील दुधाच्या पातेल्यांत आहे.

दुधाची निंदा करण्याचें पाप मी करीत नाहीं. हाडांना व दांतांना दुधासारखें दुसरें अन्न नाहीं. परंतु गाईम्हशीच्या दुधांत लोह जवळजवळ नसतेंच म्हटलें तरी चालेल. शिवाय इतर अन्नांतील लोह अंगीं लागण्यास तें आड येतें, आणि त्यानें पोट भरलें कीं जेवणाला जागा उरत नाहीं. अगदीं लहान वयांत तर वरच्या दुधानें आंतड्यांतून नकळत रक्तही झिरपूं शकतें. म्हणून वर्ष पुरें होईपर्यंत वरचें दूध मुख्य आहार म्हणून देऊं नये, आणि वर्षानंतर दिवसाकाठीं अर्ध्या लिटराच्या पुढें जाऊं नये, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आमच्या नातवाचें हिमोग्लोबिन विसाव्या महिन्यांत ८.२ निघालें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला तो, 'दूध किती पितो?' असा. सूनबाई म्हणाली, 'दोन वेळां.' डॉक्टर म्हणाले, 'चार दिवस कागदावर मांडून आणा.' मांडल्यावर निघालें तें असें : सकाळीं बाटली आईची, दहा वाजतां आजीची, दुपारीं झोपेपूर्वीं एक, संध्याकाळीं 'आज कांहींच जेवला नाहीं' म्हणून एक, आणि रात्रीं दोनदां. एकूण जवळ जवळ सव्वा लिटर! घरांत कोणीहि खोटें बोलत नव्हतें. प्रत्येकाला आपापली बाटली तेवढी ठाऊक होती. दूध कमी करावयाचें ठरलें तेव्हां आजीच्या डोळ्यांस पाणी आलें. 'भाकरीचा तुकडा खात नाहीं, दूधही काढून घेतलें तर पोर जगेल कशावर?' हा तिचा प्रश्न, आणि तो रास्तच होता. तिची समजूत घालण्यास मला औषधापेक्षां अधिक दिवस लागले. बाटली जाऊन पेला आला, रात्रींचें दूध बंद झालें. पहिला आठवडा रडारडीचा गेला. औषधही सुरू झालेलें होतें. तिसऱ्या आठवड्यांत एके दुपारीं पोरगा माझ्या ताटाशीं येऊन उभा राहिला आणि भाकरीकडे बोट दाखवूं लागला.

औषधाचा उल्लेख मीं मुद्दाम केला. एकदां रक्तक्षय झाला कीं नुसत्या आहारानें तो भरून निघत नाहीं. तेवढें लोह अन्नांतून देण्याइतकें त्या पोटाचें माप नसतें. डॉक्टर वजनाप्रमाणें जेवढे थेंब सांगतील तेवढेच द्यावे, मनानें वाढवूं नयेत व कमीही करूं नयेत. औषध दुधाबरोबर देऊं नये. दोन जेवणांच्या मध्यें, लिंबाच्या किंवा मोसंब्याच्या रसाबरोबर दिलें असतां चांगलें लागू पडतें. दांतांवर काळे डाग पडूं नयेत म्हणून थेंब जिभेच्या मागल्या बाजूस सोडावे व वर पाणी पाजावें. शौचाला काळी होते. त्यानें घाबरून जाऊं नये. सरकारी अंगणवाडींतून आठवड्यांत दोनदां एक मिलिलिटर पातळ औषध मिळतें, त्यांत २० मिलिग्रॅम लोह असतें. तें उणीव होऊं नये म्हणून आहे, झालेल्या रक्तक्षयावरचा तो उपचार नव्हे. आणि महिनाभर नियमानें औषध देऊनही हिमोग्लोबिन ग्रॅमभर चढलें नाहीं, तर पुन्हां डॉक्टरांकडे जावें. थॅलसीमियाचा अंश असलेल्या मुलाचें रक्त वरवर असेंच दिसतें, परंतु त्याला लोहानें उतार पडत नाहीं. जंतांचीही शंका डॉक्टर त्या वेळीं पाहतील.

एवढी घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह कोस्टा रिका या देशांतील कांहीं तान्ह्या मुलांची तपासणी केली व पुढें अनेक वर्षें त्यांचा मागोवा घेतला. ज्यांना तान्हेपणीं लोहाची तीव्र उणीव होती त्यांना औषध मिळालें, रक्त सुधारलें. तरीही दहा वर्षांहून अधिक काळानंतर तीं मुलें गणितांत, लेखनांत आणि अवधानांत इतरांच्या मागें पडलेलीं आढळलीं. हा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. घरची परिस्थिति वगैरे इतर कारणेंही त्यांत मिसळलेलीं असूं शकतील. पण मेंदूची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या वेगानें होते तिला लोह लागतें, याविषयीं दुमत नाहीं. वर्गांतल्या मागच्या बांकावर बसून शून्यांत पाहणाऱ्या किती मुलांची कहाणी पाळण्यांतच सुरू झाली असेल, हा विचार माझ्यासारख्याला अस्वस्थ करतो.

आतां आहाराविषयीं. लोक प्रथम बीट आणतात, कारण तें लाल असतें. रंगाचा आणि लोहाचा कांहीं संबंध नाहीं. पालकांत लोह आहे, पण त्यांतलें फारच थोडें अंगीं लागतें. खजूर आणि गूळ यांची कीर्ति त्यांच्या गुणांपेक्षां मोठी आहे, आणि दोन्हींनीं कोंवळे दांत किडतात. त्यापेक्षां बाजरीची मऊ भाकरी दुधाऐवजीं वरणांत कुसकरून द्यावी. महाराष्ट्रांत २०१२ सालापासून 'धनशक्ति' नांवाचें अधिक लोह असलेलें बाजरीचें वाण पेरलें जातें. मिळाल्यास अवश्य घ्यावें. मसूर, मटकी, मोड आणून शिजविलेले मूग, अळिवाची खीर हे पदार्थ चांगले. या सर्वांवर लिंबू पिळावें, किंवा जेवणानंतर पेरूची मऊ फोड अगर आंवळ्याचा रस द्यावा. आंबट फळांतील क जीवनसत्त्वानें धान्याभाज्यांतलें लोह कितीतरी अधिक शोषलें जातें. ज्या घरांत मांसमासे चालतात त्यांचें काम सोपें आहे. मांसांतील लोह सर्वांत लवकर अंगीं लागतें; दोन चमचे मऊ खिमा किंवा कोंबडीच्या काळजाचा लहानसा तुकडा पुरे. अंड्याचें लोह तितकें उपयोगी नाहीं. आमसुलाची आमटी लोखंडी कढईत करावी. आजीच्या कढया माळ्यावर गेल्या आणि त्यांच्याबरोबर हें आयतें लोहही गेलें. चहांत बिस्किट बुडवून लहान मुलाला देण्याची चाल मात्र साफ बंद करावी. चहा लोहाला अडवितो.

भरविण्याच्या पद्धतीविषयीं थोडेंसेंच सांगतों. काय, केव्हां आणि कोठें खावयाचें हें वडील माणसांनीं ठरवावें. किती खावयाचें, किंवा खावयाचें कीं नाहीं, हें मुलावर सोंपवावें. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनीं घालून दिलेला हा नियम आम्ही घरांत पाळून पाहिला. नवा पदार्थ मूल एकदां थुंकतें म्हणून तो त्याला आवडत नाहीं असें समजूं नये. आठ-दहा, कधीं पंधरा वेळां समोर आल्यावर तें तो तोंडांत घेतें. हातांत मोबाइल देऊन डोळे चित्रांवर असतां घास कोंबण्याची रीत हल्लीं फार बोकाळली आहे. त्यानें घास पोटांत जातो, पण भूक लागली आणि भागली हें ओळखण्यास मूल शिकत नाहीं. अर्ध्या तासांत ताट उचलावें, मुद्रा शांत ठेवावी, आणि पुढल्या जेवणापर्यंत मध्येंच बाटली देऊं नये.

हिमोग्लोबिन योग्य आंकड्यावर आलें कीं पुष्कळ घरांत औषध बंद होतें. तसें करूं नये. रक्त भरलें तरी शरीराचें कोठार रिकामेंच असतें. तें भरण्यासाठीं डॉक्टर आणखी दोन-तीन महिने औषध चालूं ठेवण्यास सांगतात. आमच्या नातवाचें पांच महिने चाललें. तोंवर तें औषध, आणि घरांत गरोदर बाई असल्यास तिच्या लोहाच्या गोळ्याही, कुलपांत ठेवाव्या. रंगीत गोळ्या मुलाला चॉकलेटासारख्या वाटतात, आणि मूठभर गोळ्या पोटांत गेल्यास त्याच लोहाचें विष होऊन जीव जातो. असें झाल्याची नुसती शंका आली तरी ओकारीची वाट न पाहतां मुलाला व गोळ्यांची रिकामी पट्टी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.