ग्रामसभेपुढे ठेवता येईल असा अभ्यास

आज पदवी स्वीकारणाऱ्या स्नातक मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यामागून या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या तुकड्यांच्या गुणपत्रकात एक नवी ओळ असणार आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रात 2023 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तिच्याबरोबर क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग हे पदवीच्या श्रेयांकांचे भाग झाले. एका श्रेयांकासाठी तीस तासांचे प्रत्यक्ष काम, असा हिशेब आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली चारशेहून अधिक महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथला प्रत्येक विद्यार्थी काही तास गावात, वस्तीत किंवा एखाद्या संस्थेत काम करणार असेल, तर हा विस्तार लहान नाही. आजवर ज्यांना आवड होती ते सेवेला जात. आता सर्वांनाच जावे लागेल. या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो, पण एका अटीवर. तास भरल्याने सेवा होत नाही आणि शिक्षणही होत नाही. गावाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या विषयात शिरला पाहिजे, त्या विषयाच्या शिस्तीने तो तपासला गेला पाहिजे आणि निघालेले उत्तर गावाकडे परत गेले पाहिजे. यातले काहीही वगळले, तर आपण कागदांचा एक नवा ढीग तेवढा तयार करू.

ही चर्चा आपल्याकडे नवी नाही. 1959 साली केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी या समितीची शिफारस होती. खर्चाचा प्रश्न आला आणि शिफारस मागे पडली. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी अनेक देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असे मत दिले. कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांशी समाजसेवा जोडायला सांगितले. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40 हजार स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा आराखडा महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या अंगवळणी पडला आहे. या योजनेचे मोल मी कमी लेखणार नाही. अनेक मुलींना घराबाहेर सात दिवस राहण्याची पहिली परवानगी रासेयोच्या शिबिरासाठीच मिळाली, आणि ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही. पण ही सेवा अभ्यासाच्या शेजारी उभी राहिली, अभ्यासात शिरली नाही. भूगोलाचा विद्यार्थी आणि वाणिज्याचा विद्यार्थी दोघांनीही तोच वनराई बंधारा घातला, तेच झाड लावले आणि परत येऊन आपापल्या वर्गात बसले. बंधारा कुठे घालावा हे भूगोलाने सांगितले नाही, त्याचा खर्च वाणिज्याने तपासला नाही.

या त्रुटीची किंमत किती मोठी असते, ते आपल्याच परिसरात दिसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघते आणि गाळप हंगाम संपला की गुढीपाडव्याच्या आसपास परतते. आता रासेयोची शिबिरे कधी होतात ते आठवा. बहुधा हिवाळ्यात, दोन सत्रांच्या सांध्यात, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ज्या महिन्यांत गावातल्या कित्येक घरांना कुलूप असते, मागे म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपण गाव पाहायला जातो. आपले सत्र आणि गावाचे वर्ष यांची गाठच पडत नाही. 2019 साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यापुढे आला, तो पत्रकारांनी आणि स्त्री-संघटनांनी लावून धरला म्हणून. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. हा आकडा एका वर्षात तयार झालेला नव्हता. ज्या तालुक्यांत तो साचत गेला, तिथे महाविद्यालये होती, रासेयोची एकके होती, दत्तक गावे होती, समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि गृहविज्ञानाचे विभाग होते. त्यांच्यापैकी कोणी दुष्ट होते म्हणून हे नजरेआड राहिले असे मी म्हणत नाही. प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणत्याच विषयाकडे नव्हती, म्हणून ते राहिले. स्वच्छता मोहिमेच्या कार्यक्रमपत्रिकेत असल्या प्रश्नाला जागा नसते. समाजशास्त्राच्या क्षेत्र प्रकल्पात ती असू शकते. मात्र प्रकल्प पाडव्यानंतर व्हायला हवा आणि बायकांशी बोलायला मुली जायला हव्यात.

विषयातून केलेली सेवा कशी असते, याचे नमुने महाराष्ट्रात आहेत. तुळजापूरला 1986 पासून टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला मार्गदर्शक असतो, नियमित नोंदी असतात, त्या तपासल्या जातात आणि त्यावर विद्यार्थ्याचे मूल्यमापन होते. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नळपाणी योजना का बंद पडतात, हाच अभ्यासाचा विषय दिला. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कामातूनच 2016 साली राज्य शासनाचे उन्नत महाराष्ट्र अभियान उभे राहिले. जिल्हा प्रशासनाने प्रश्न द्यावा, जवळच्या महाविद्यालयाने तो मोजमापासह अभ्यासावा आणि अहवाल प्रशासनाकडे जावा, ही त्यामागची कल्पना. तिच्यातली मला सर्वात मोलाची वाटणारी बाब अशी की, इथे महाविद्यालयाला दाता मानलेले नाही. एका कामासाठी त्याला जबाबदार धरले आहे.

कोणी म्हणेल, अभियंत्यांचे आणि समाजकार्याचे ठीक आहे. मराठी, इतिहास, उर्दू शिकणाऱ्यांनी काय करायचे? मराठवाड्यात तरी हा प्रश्न पडू नये. हा प्रदेश 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि जमिनीचे, जन्माचे, महसुलाचे असंख्य कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्यांची निकड साऱ्या प्रशासनाला जाणवली. मराठा आरक्षणाच्या वादात तुमचे मत काहीही असो. आपल्या आजोबांचा कागद आपल्याला वाचता येत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. ती सोडवणारा उर्दूचा किंवा इतिहासाचा विद्यार्थी आपल्या विषयाच्या गाभ्यातच काम करत असतो. वाणिज्याचा विद्यार्थी बचत गटाची वही लिहायला शिकवू शकतो, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प सोप्या मराठीत मांडू शकतो. भूगोलाचा विद्यार्थी गावातल्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजू शकतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा मोजते. तीच पद्धत दहा वर्षे सलग एका गावात पाळली, तर त्या गावाकडे पाण्याचा स्वतःचा हिशेब असेल. जालना तालुक्यातल्या कडवंचीने खडकाळ, कमी पावसाच्या जमिनीवर शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या केल्या, त्यामागे पाणलोटाचे काम तर आहेच, पण कृषी विज्ञान केंद्राने वर्षानुवर्षे त्या गावाशी ठेवलेला संबंधही आहे. सात दिवसांत कडवंची होत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला सर्वात जुना आहे: सक्तीची सेवा ही सेवाच नव्हे. सैयदैन यांच्या मतामागेही हाच विचार होता आणि तो खोडून काढता येत नाही, असे मला वाटते. मेक्सिकोने 1936 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांपासून सक्तीची समाजसेवा सुरू केली आणि पुढे ती सर्व पदव्यांना लावली. तिथल्या खेड्यांत त्यामुळे डॉक्टर पोहोचले, हे खरे. अनुभव नसलेल्या तरुणांना अपुऱ्या साधनांनिशी एकटे पाठवले जाते, ही टीकाही तितकीच खरी. सक्तीने माणूस तिथवर पोहोचतो. त्याला तिथे शिकवणारे कोणी नसेल, तर सक्ती फुकट जाते आणि गावाचे हाल होतात. पण सांख्यिकी सक्तीची असते, प्रयोगशाळा सक्तीची असते. त्यांना कोणी अन्याय म्हणत नाही, कारण त्यांच्याशिवाय विषय येत नाही. क्षेत्रकाम त्याच न्यायाने सक्तीचे असावे. सेवाभाव मात्र सक्तीने आणता येणार नाही. त्याला गुण देऊ नयेत. दिले तर त्याचे ढोंग होईल. गुण निरीक्षणाला, मोजमापाला आणि मांडणीला द्यावेत.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो तुमच्या घरांतून येतो. ज्याचे आई-वडील कर्ज काढून शिकवतात, जो अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, जो सुटीत शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यात काम करतो, त्याने गावाची सेवा कशी करायची? तो स्वतःच त्या गावाचा आहे. परदेशांत 1967 नंतर सेवेतून शिक्षण या नावाने जी चळवळ वाढली, तिच्यात बहुतेकदा सुखवस्तू विद्यापीठातली मुले गरीब वस्तीत जातात. मराठवाड्याला ते चित्र लागू नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 साली छत्रपती संभाजीनगर शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, ते ज्यांच्या घरात अक्षर पोहोचले नव्हते त्यांच्यासाठी. आजही इथला विद्यार्थी मोठ्या प्रमाणात पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा शिकणारा आहे. त्याला गावाची ओळख करून द्यायला नको. ज्या गावातून तो आला, त्याच्याकडे विषयाच्या नजरेने पाहण्याची संधी द्यायला हवी. आणि नोकरीचे म्हणाल, तर पाण्याचा ताळेबंद मांडता येणारा, सर्वेक्षणाची प्रश्नावली नीट करता येणारा, जुना फेरफार वाचता येणारा पदवीधर अधिक उपयोगाचा असतो. तरीही प्रवासखर्चाचा भार गरीब विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तो खर्च विद्यापीठाने उचलावा. नसेल उचलता येत, तर तेवढे तास कमी करावेत.

याच ठिकाणी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. गाव म्हणजे एकच एक नसते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. मधल्या वर्षांत खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली. ज्या विद्यापीठाचे नाव इतक्या वेदनेतून आले, त्याने गावात जाताना कोणत्या बाजूने प्रवेश केला, मुक्काम कुठे केला, प्रश्न कोणाला विचारले, याचा विचार करायलाच हवा. सरपंचाच्या ओट्यावर बसून झालेली पाहणी ही सरपंचाच्या गल्लीची पाहणी असते. शिबिरात झाडू कोणाच्या हाती आणि माईक कोणाच्या हाती, हेसुद्धा कार्यक्रम अधिकाऱ्याने पाहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे सरकारचे काम आहे. विद्यार्थ्यांच्या फुकट श्रमावर शासन आपली जबाबदारी टाळेल. ही भीती रास्त आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी अंगणवाडी सेविकेचे किंवा ग्रामसेवकाचे काम करू नये. त्यांनी ते काम कसे चालते, कुठे अडते, याचा पुरावा गोळा करावा. योजना अडली असेल, तर ती का अडली हे लिहिलेला अहवाल शासनाला जबाबदारीतून सोडवत नाही, उलट तिच्यात अधिक घट्ट बांधतो. याच कारणासाठी काही अहवाल कोणाला आवडणार नाहीत. विद्यापीठाने तेव्हा विद्यार्थ्याच्या आणि प्राध्यापकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. गाव ही आपली प्रयोगशाळा नाही, असेही कोणी सुनावेल, आणि ते बरोबर आहे. माहिती घेऊन निघून जाणे हा गावाचा अपमान आहे.

त्यावरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक क्षेत्र प्रकल्पाचा अहवाल मराठीत, चार पानांत, गावकऱ्यांना कळेल असा लिहिला जावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. त्यावर गावकऱ्यांनी घेतलेल्या हरकती अहवालाला जोडाव्यात आणि त्या पाहूनच गुण द्यावेत. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेला अहवाल ग्रामसभेत टिकत नाही, ही त्याची आणखी एक सोय. प्रत्येक विभागाने एकच गाव किंवा एकच वस्ती निवडावी आणि ती निदान दहा वर्षे बदलू नये.

स्नातकहो, तुमच्यापैकी काही जण प्राध्यापक व्हाल, काही तहसील कार्यालयात बसाल, काही गावी परत जाऊन शेती कराल. प्राध्यापक झालात तर विद्यार्थ्यांबरोबर स्वतः गावात जा. कार्यालयात बसलात तर माहिती मागायला आलेल्या विद्यार्थ्याला दारातून परत पाठवू नका. आणि गावात राहिलात तर येत्या 1 मेच्या ग्रामसभेत उठून विचारा, की आमच्या गावावर महाविद्यालयाने केलेला अहवाल कुठे आहे. तो तुमचा आहे, मागून घ्या.