एका वाद्यवृंदाची घरची कीर्ती



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की वक्त्याची वाट चुकली. कॅनडा कोठे, तेथील रॉक संगीत कोठे आणि वसंतातील ही संध्याकाळ कोठे! शंका रास्त आहे. मी गायक नाही, त्या संगीताचा शास्त्रकारही नाही. परंतु ‘द ट्रॅजिकली हिप’ या पाच जणांच्या वाद्यवृंदाची हकीकत वाचता-ऐकताना मला एक प्रश्न पडला, आणि तो कोणत्याही भाषेतल्या कलावंताला लागू पडेल असा आहे. ज्या कलावंताला घरी अपार प्रेम मिळते आणि घराच्या कुंपणापलीकडे ज्याला फारसे कोणी ओळखत नाही, त्याला यशस्वी म्हणावे की अयशस्वी?

प्रथम एक रात्र आपल्यासमोर ठेवतो. तारीख २० ऑगस्ट २०१६. ब्राझीलमध्ये ऑलिंपिक सामने चालू होते आणि कॅनडाची सार्वजनिक प्रसारण संस्था सीबीसी ते दाखवीत होती. त्या रात्री तिने ऑलिंपिक बाजूला ठेवले आणि किंग्स्टन नावाच्या एका मध्यम शहरातला गाण्याचा कार्यक्रम, मध्ये एकही जाहिरात न घालता, देशभर दाखविला. गावोगावच्या चौकांत आणि बागांत पडदे लावून माणसे जमली. सुमारे १ कोटी १७ लक्ष लोकांनी तो कार्यक्रम थोडा वा पुरता पाहिला. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे तीन माणसांमागे एक. देशाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो श्रोत्यांत बसले होते. आणि याच वाद्यवृंदाचे नाव सीमेपलीकडे अमेरिकेतल्या रस्त्यावर विचारले असते, तर बहुतेकांनी नकारार्थी मान हलविली असती!

हे पाच जण कोण? गॉर्ड डाउनी हा गायक आणि कवी. रॉब बेकर व पॉल लँग्लवा हे गिटार वाजवीत, गॉर्ड सिंक्लेअर खर्जाची गिटार आणि जॉनी फे तालवाद्ये. वाद्यवृंद निघाला १९८४ साली, किंग्स्टनमध्ये. ओंटारिओ सरोवराचे पाणी जेथे सेंट लॉरेन्स नदीला मिळते तेथे वसलेले, चुनखडीच्या करड्या दगडी इमारतींचे हे गाव. एके काळी काही वर्षे ते राजधानीचे गाव होते. पुढे विद्यापीठ आणि तुरुंग या दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध झाले. लँग्लवा १९८६ मध्ये आला आणि तेथून शेवटपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, या पाचांतला एकही बदलला नाही. शब्द डाउनीचे असत. तरीही सुरुवातीचा काळ सोडला तर गाण्यांचे श्रेय पाचांच्या सामाईक नावानेच छापले गेले. अशा मंडळ्या बहुधा पैशावरून आणि नावावरून फुटतात. या मंडळींनी भांडणाचे मूळच काढून टाकले होते.

आता कॅनडाची एक अडचण सांगितली पाहिजे. शेजारी अमेरिका, भाषा बहुतांशी एकच. त्यामुळे अमेरिकेतली गाणी, चित्रपट, मासिके पुराच्या पाण्यासारखी आत येतात. या पुरात आपल्या माणसांचा आवाज ऐकूच येईनासा होईल, या भीतीने तेथील सरकारी नियामकांनी १९७१ पासून रेडिओवर एक बंधन घातले. वाजविल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी काही वाटा, आरंभी ३० टक्के, कॅनडातल्या कलावंतांचा असलाच पाहिजे. या नियमाची टिंगल पुष्कळ झाली. सक्तीने का कोठे गोडी लागते? गोडी लागत नाही, हे खरे. पण दार उघडे राहते. त्या दारातून आत येऊन लोकांच्या मनात घर करणे हे ज्याचे त्याने करायचे, आणि ते या पाचांनी केले.

१९८७ साली त्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. पहिला पूर्ण अल्बम ‘अप टू हिअर’ १९८९ चा. तो मुद्रित झाला अमेरिकेत, मेम्फिसला. दुसरा ‘रोड ॲपल्स’ १९९१ चा, तो न्यू ऑर्लिन्सला. तिसरा ‘फुली कंप्लीटली’ १९९२ चा, तो लंडनला. आणि गंमत अशी की जसजसे हे लोक घरापासून दूर जाऊन गाऊ लागले, तसतसे त्यांच्या गाण्यांत घर अधिक येऊ लागले. दुसऱ्या अल्बमला त्यांनी एक नाव सुचविले होते: ‘सस्काडेल्फिया’. सस्कॅचवान हा कॅनडाचा गव्हाचा प्रांत आणि फिलाडेल्फिया हे अमेरिकेचे शहर, यांची ती खिचडी. कंपनीला ते फार कॅनेडियन वाटले. तेव्हा ‘रोड ॲपल्स’ हे नाव पुढे आले आणि ते मंजूर झाले. त्याचा अर्थ ‘रस्त्यावरची सफरचंदे’ असा नव्हे बरे! घोड्याची लीद थंडीत गोठून दगडासारखी होते. गल्लीत हॉकी खेळणारी पोरे तिचा चकतीसारखा उपयोग करीत. तिला हे नाव. नाकारलेल्या नावाने मात्र तीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच काळातल्या अप्रकाशित गाण्यांचा एक संच निघाला.

‘फुली कंप्लीटली’मधली दोनच गाणी घेतो.

पहिले ‘फिफ्टी मिशन कॅप’. बिल बॅरिल्को नावाचा टोरोंटोच्या संघाचा एक तरुण हॉकीपटू होता. १९५१ च्या एप्रिलमध्ये त्याने जादा वेळेत गोल करून संघाला स्टॅन्ली चषक मिळवून दिला. त्याच उन्हाळ्यात तो लहानशा विमानातून मासेमारीला गेला आणि विमानासह नाहीसा झाला. शोध शोध शोधले, पत्ता नाही. पुढे अकरा वर्षे त्या संघाला चषक मिळाला नाही. १९६२ साली मिळाला, आणि त्याच वर्षी उत्तरेच्या अरण्यात विमानाचे अवशेष सापडले. हॉकीपटूंच्या चित्रांची जी पत्ती मुले जमवितात, तशा एका पत्तीवरून डाउनीने ही हकीकत उचलली. अमेरिकेतल्या श्रोत्याला बॅरिल्को कोण हे ठाऊक नव्हते, आणि कवीने ते त्याला समजावून सांगण्याची खटपटही केली नाही.

दुसरे गाणे ‘व्हीट किंग्ज’. चाल इतकी शांत की ऐकणाऱ्याला वाटावे, गव्हाच्या शेतावरची ही संध्याकाळ आहे. परंतु त्या शांततेच्या पोटात डेव्हिड मिलगार्ड या माणसाची कथा आहे. १९६९ मध्ये सस्काटून शहरात एका तरुण परिचारिकेचा खून झाला. तेव्हा मिलगार्ड सोळा वर्षांचा होता. १९७० मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याने तो गुन्हा केलेला नव्हता. त्याची आई जॉइस वर्षानुवर्षे दारोदार हिंडली, मंत्र्यांना भेटली, वृत्तपत्रांकडे गेली. अखेर १९९२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तो सुटला. तेव्हा त्याची सुमारे तेवीस वर्षे तुरुंगात गेली होती. गाणे त्याच वर्षीच्या शरद ऋतूत निघाले. आता हे लक्षात घ्या की तो सुटला होता, परंतु निर्दोष ठरला नव्हता. डीएनए परीक्षेने त्याचे निर्दोषत्व सिद्ध झाले ते १९९७ मध्ये. मधली पाच वर्षे सरकारदरबारी तो संशयित होता. गाण्यात मात्र तो निरपराध होता, आणि ते गाणे लोक तोंडपाठ म्हणत होते. चुकीच्या शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदा कॅनडाच्या संसदेने २०२४ मध्ये केला. त्याला या मायलेकांचे नाव आहे. तो पाहायला दोघेही उरले नव्हते.

ही दोन गाणी शेजारी ठेवली म्हणजे या वाद्यवृंदाचे मर्म कळते. एकात देशाला आवडणारी आठवण आहे, दुसऱ्यात देशाला नकोशी असलेली. हॉकीच्या वीराची कथा ऐकायला आलेल्या माणसाला हे लोक त्याच बैठकीत अन्यायाची कथाही ऐकवीत. श्रोते बियरचे पेले उंचावीत, राष्ट्रध्वज फडकावीत. कित्येकांना ती निव्वळ देशाभिमानाची गाणी वाटत. ती तशी नव्हती. ज्याला घराविषयी माया आहे, त्यालाच घरातली भिंत कोठे ओलावली आहे हे बोलून दाखविण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार हे वापरीत होते.

पुढे ‘डे फॉर नाइट’ १९९४ मध्ये आला, ‘ट्रबल ॲट द हेनहाउस’ १९९६ मध्ये आणि ‘फँटम पॉवर’ १९९८ मध्ये. एकूण तेरा मोठे अल्बम. सगळे सारख्या तोलाचे आहेत असे मी म्हणणार नाही. नंतरच्या काळातल्या काहींविषयी चाहत्यांतच मतभेद आहेत. परंतु डाउनीची रंगमंचावरची रीत शेवटपर्यंत टिकली. आपल्या कीर्तनकाराने अभंगाच्या मध्येच आख्यान लावावे, तसा तो चालू गाण्याच्या मध्ये वाद्ये वाजत असताना मनात येईल ती गोष्ट सांगू लागे. त्यातल्या काही ओळींची पुढे स्वतंत्र गाणी झाली. श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत कविता जन्माला येत असे.

अमेरिकेत जम बसविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९९५ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या तेथील अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमात ते गायले. तरी तेथे लाट उठली नाही. घरी मोठमोठी सभागृहे भरविणारी ही मंडळी सीमेपलीकडे लहान जागांत गात राहिली. कॅनडाच्या वृत्तपत्रांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे चघळला: हे तिकडे का चालत नाहीत? मला वाटते, प्रश्नच उलटा आहे. बॅरिल्को आणि मिलगार्ड यांच्या जागी कोणालाही कळतील अशी गुळगुळीत नावे घातली असती, तर कदाचित तिकडे खप वाढला असता. पण मग मिलगार्डची कथा कोणी सांगितली असती?

आता शेवटच्या भागाकडे येतो. डिसेंबर २०१५ मध्ये डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग झाल्याचे निदान झाले. २४ मे २०१६ रोजी ही बातमी जाहीर करतानाच मंडळींनी सांगितले की आम्ही दौऱ्यावर निघणार आहोत. शस्त्रक्रियेने स्मरणशक्तीला धक्का बसला होता. स्वतःची गाणी त्याला समोरच्या पडद्यांवर वाचावी लागत. ज्याने एका देशाच्या आठवणी जपल्या, त्यालाच आठवेनासे झाले होते. तरीही २२ जुलैपासून पंधरा कार्यक्रम झाले. शेवटचा किंग्स्टनला, म्हणजे मी आरंभी सांगितली ती रात्र.

त्या रात्री त्याने तीस गाणी म्हटली. पण मला महत्त्वाचे वाटते ते मधले थोडेसे बोलणे. सारा देश डोळे पुसत होता. अशा वेळी मरणाच्या दारातला माणूस निरोप मागतो, आभार मानतो, आणि कोणी त्याला दोष देत नाही. याने काय केले? श्रोत्यांतल्या पंतप्रधानांना उद्देशून तो उत्तरेकडच्या आदिवासींविषयी बोलला. त्या लोकांकडे दुर्लक्ष करायला आम्हाला आयुष्यभर शिकविले गेले, आता ते सुधारा, असा त्याचा आशय होता. साऱ्या देशाचे प्रेम एका रात्रीसाठी त्याच्या ओंजळीत आले होते, आणि ते त्याने स्वतःकरिता ठेवले नाही.

यामागे चेनी वेन्जॅक या बारा वर्षांच्या मुलाची कथा होती. कॅनडात शंभरावर वर्षे आदिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालीत. भाषा आणि चालीरीती विसरविणे हाच हेतू. अशी दीड लक्षाहून अधिक मुले होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये केनोरा गावाजवळच्या शाळेतून चेनी पळाला आणि आगगाडीच्या रुळांच्या कडेने घरी निघाला. घर सुमारे सहाशे किलोमीटर दूर होते. अंगात पातळ कपडे, वर बर्फ आणि पाऊस. थंडीने आणि उपासमारीने तो रुळांजवळच मेला. डाउनीने त्याच्यावर दहा गाणी रचली. ती आजारापूर्वीच मुद्रित झाली होती. ‘सीक्रेट पाथ’ या नावाने ती ऑक्टोबर २०१६ मध्ये, त्या मृत्यूला पन्नास वर्षे होताना निघाली.

येथे कोणी विचारील, दुसऱ्याचे दुःख गाण्याचा याला काय हक्क? प्रश्न गंभीर आहे. माझ्यापुरते उत्तर असे की तो परस्पर गायला नाही. तो चेनीच्या बहिणींना त्यांच्या गावी जाऊन भेटला, आणि दोन्ही घराण्यांनी मिळून जो निधी उभारला त्याला दोघांची नावे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये आदिवासी प्रमुखांच्या सभेत त्याचा सन्मान झाला आणि ताऱ्यांतून चालणारा माणूस अशा अर्थाचे नाव त्याला देण्यात आले. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी तो वारला.

मित्रहो, आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता आपल्या ध्यानात आले असेल. जगभर ज्याची कीर्ती आहे त्याचे कौतुक सर्वांनाच असते. पण जग एखाद्याला आपल्या घरातली चूक दाखवू देत नाही, ते घरचेच लोक देतात. त्या रात्री किंग्स्टनमध्ये पाहुण्या गायकाने ते चार शब्द उच्चारले असते, तर लोकांनी कानांवर हात ठेवले असते. याचे त्यांनी ऐकून घेतले, कारण तीस वर्षे तो त्यांचाच होता. घरच्या कीर्तीला मी अपयश म्हणत नाही ते यासाठी.